जळालेले दप्तर, उरलेले कागद
(स्कॉटिश व आयरिश कुटुंबांच्या पूर्वजशोधाविषयी)

द्वितीय वर्ष कला (इतिहास)

इतिहास म्हणजे केवळ राजेरजवाडे आणि त्यांच्या लढाया नव्हेत, हे वर्गात इतक्या वेळा सांगून झाले आहे की ते पुन्हा सांगण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जे राजे नव्हते, लढाईत असलेच तर बाजारबुणग्यांत होते, अशा माणसांचा इतिहास लिहावयाचा तर तो कशावरून? त्यांनी पत्रे लिहिली नाहीत, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या बखरी कोणी लिहिल्या नाहीत, कारण लिहून घेणाऱ्याला त्यांच्याकडून काही मिळणार नव्हते. ‘इतिहासाची साधने’ या विषयाची टिपणे काढताना या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मला जरा दूरच्या मुलखात सापडले. स्कॉटलंड आणि आयर्लंड येथून देशोधडीस लागलेल्या सामान्य कुटुंबांचे वंशज आपले पूर्वज कसे शोधतात, हे वाचताना ते सापडले. प्रस्तुत लेखात तेवढेच मांडण्याचा प्रयत्न आहे.

१८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो दुष्काळ झाला त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत तेथे सुमारे ८१ लाख ७५ हजार माणसे होती, ती १८५१ मध्ये सुमारे ६५ लाख ५० हजारांवर आली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, म्हणजे हायलँड्समध्ये, जमीनदारांनी मेंढ्यांसाठी राने मोकळी करताना पिढ्यान्‌पिढ्यांची कुळे उठवून लावली. ही सारी माणसे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत गेली. त्यांचे पणतू आणि खापरपणतू आता ‘आमचे मूळ गाव कोणते?’ असे विचारीत परत येतात. काहींना हा सुखवस्तू लोकांचा रिकामा उद्योग वाटेल. तसा तो काही अंशी आहेही. पण राजघराण्याच्या वंशावळीसाठी जेवढी चिकाटी पूर्वी भाट-चारण दाखवीत तेवढी चिकाटी येथे एखाद्या शेतमजुराच्या आजीसाठी दाखविली जाते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

या शोधाचा पहिला नियम असा की सुरुवात स्वतःपासून करावी आणि एकेक पिढी मागे जावे. आपल्या आडनावाचा कोणी सरदार गाठून तेथून खाली उतरू नये. स्कॉटलंडात हा मोह फार होतो. आडनाव मॅकडोनाल्ड असले की माणूस थेट त्या नावाच्या वंशप्रमुखाशी नाते जोडू पाहतो. वस्तुतः हायलँड्समध्ये प्रमुखाच्या आश्रयाला राहणारी कुळेदेखील त्याचे नाव लावीत असत. तेव्हा नाव एक आहे म्हणून रक्त एक असे ठरत नाही. आपल्याकडेही भोसले आडनावाच्या प्रत्येक घरातून सिंदखेडच्या जाधवांची मुलगी आली होती असे कोणी म्हणू लागल्यास आपण हसूच. घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, जुनी पत्रे पाहावीत, कुटुंबाचे बायबल असल्यास त्याची सुरुवातीची कोरी पाने उघडावीत. मुलांचे जन्म तेथे लिहून ठेवण्याची चाल होती. आणि मग सरकारी दप्तराकडे वळावे.

येथून दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या होतात.

स्कॉटलंडात जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंद १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. इंग्लंडात ती १८३७ पासूनच होती. पण उशिरा सुरू करणाऱ्यांनी ती अधिक चांगली केली. पहिल्या वर्षी तर त्यांचा उत्साह इतका होता की १८५५ च्या जन्मनोंदीत आईवडिलांची वये, जन्मगावे, त्यांचे लग्न कधी व कोठे झाले आणि त्यांना आधी किती मुले झाली, हे सारे विचारलेले असे. मृत्यूच्या नोंदीत मृताच्या मुलांची नावेसुद्धा लिहीत. कारकून अर्थातच वैतागले. एवढे विचारणे आणि लिहिणे जमेना म्हणून पुढच्याच वर्षी बरेच रकाने काढून टाकावे लागले. आईवडिलांच्या लग्नाची तारीख १८६१ पासून जन्मनोंदीत परत आली. बाकीचे गेले ते गेले. म्हणून आपला एखादा तरी पूर्वज १८५५ मध्येच जन्मला, परणला किंवा मेला असावा अशी इच्छा शोधणारे करतात. पूर्वजाच्या मरणाचे साल मनासारखे निघाले म्हणून आनंद होणे थोडे विचित्रच, पण तो आनंद मी समजू शकते.

या स्कॉटिश नोंदींतील मला सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. त्यांत मृत्यूच्या दाखल्यावरही मृताच्या आईचे माहेरचे आडनाव लिहिलेले असते. विवाहित स्त्रीची नोंद तिच्या माहेरच्या नावानेही सापडते, कारण स्कॉटलंडच्या कायद्यात लग्नामुळे तिचे मूळ नाव पुसले जात नसे. त्यामुळे सत्तर वर्षांची म्हातारी मेली तरी तिच्या दाखल्यावरून तिची आई कोणत्या घरची हे कळते, आणि मग वंशवृक्षाची ती फांदीही वर चढू लागते. आपल्याकडील वंशावळी आठवून पाहा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या असोत की दक्षिण महाराष्ट्रात घरोघर येऊन वंश वाचून दाखविणाऱ्या हेळव्यांच्या वह्या असोत, हे लेखन फार मोलाचे आहे यात शंका नाही. पण त्यांतील ओळ बापाकडून मुलाकडे जाते. मुली त्या ओळीत फारशा थांबत नाहीत.

१८५५ च्या मागे गेले की स्कॉटलंडात चर्चची रजिस्टरे हाती घ्यावी लागतात. एका चर्चच्या हद्दीत येणाऱ्या गावांना मिळून पॅरिश म्हणतात. अशा सुमारे नऊशे पॅरिशांची रजिस्टरे उरली आहेत. सर्वांत जुने पर्थशायरमधील एरल या गावचे असून ते १५५३ चे आहे. हायलँड्समधील पुष्कळशी मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वी सापडत नाहीत. शिवाय १७८३ साली लंडनच्या सरकारला युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी पैसा हवा होता, म्हणून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर बसविण्यात आला. निर्धनांना सूट होती. पण निर्धन आणि सधन यांच्या मधले जे लोक, ज्यांना तीन पेन्स जड जात आणि ज्यांना भिकाऱ्यांच्या यादीत जाणेही नको होते, त्यांतील कित्येकांनी नोंदच केली नाही. १७९४ मध्ये कर उठला. मधली अकरा वर्षे रजिस्टरांत विरळ आहेत. मुले जन्मली, पण कागदावर आली नाहीत.

आपल्या परिचयाचा एक स्कॉटिश मनुष्य याच अकरा वर्षांत जन्मला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा १७८९ साली ईशान्य स्कॉटलंडातील बॅन्फ येथे जन्मला. अर्थात त्याचे घराणे तीन पेन्सांसाठी अडणारे नव्हते. मात्र त्याच्या नावाने शोध घेऊ जाणारा दुसऱ्याच कारणाने अडेल. जन्मला तेव्हा तो केवळ जेम्स ग्रँट होता. साताऱ्याहून मायदेशी परतल्यावर ईडनची इस्टेट त्याच्याकडे आली आणि त्याने तिच्यासोबत डफ हे आडनाव जोडून घेतले. म्हणजे ‘डफ’ शोधत बाप्तिस्म्याचे रजिस्टर चाळले तर तो सापडणार नाही. मालमत्ता असलेल्यांची नावे अशी बदलतात. नसलेल्यांची नावे दुसऱ्या रीतीने बदलतात, त्याविषयी पुढे सांगते.

बॅन्फच्याच किनाऱ्यावरील कोळ्यांच्या वस्त्यांत एक मजा आहे. तेथे सबंध गावात दोन-चारच आडनावे आणि नावेही ठरलेली. कारण स्कॉटलंडात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, थोरल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे अशी नावे ठेवण्याची रीत होती. आजोबांचे नाव नातवाला ठेवणे आपल्याला नवीन नाही. ही रीत शोधणाऱ्याला उपयोगी पडते, कारण नातवंडांच्या नावांवरून आजोबांच्या नावाचा अंदाज करता येतो. (अंदाजच. त्याला पुरावा समजू नये.) पण तिचा परिणाम असा की एका आजोबांचे चार-पाच नातू एकाच नावाचे, एकाच आडनावाचे आणि एकाच वस्तीत. मग लोकांनी टोपणनावे ठेवली आणि ती इतकी आवश्यक झाली की सरकारी याद्यांतही आडनावापुढे टोपणनाव लिहिण्याची पद्धत पडली. आमच्या गावात पोस्टमनलाही असेच टोपणनाव विचारून पत्र द्यावे लागते, त्यामुळे हे वाचताना मला परके वाटले नाही.

दफनाच्या नोंदी स्कॉटलंडात फार कमी ठेवल्या गेल्या. तरीही मृत्यू कळतो, आणि तो हिशेबाच्या वहीतून. शवपेटीवर घालावयाचे काळे वस्त्र चर्चकडे असे आणि ते भाड्याने मिळे. ‘अमक्याकडून वस्त्राचे भाडे पोचले’ एवढीच ओळ पुष्कळदा माणसाच्या मरणाचा एकमेव पुरावा असते. असाच दुसरा कागद म्हणजे चर्चच्या पंचमंडळाचे इतिवृत्त. या पंचमंडळाला ‘कर्क सेशन’ म्हणत. गावातील कोणाचे वर्तन चुकले की ते त्याला बोलावून जाब विचारी. लग्नाशिवाय मूल झालेल्या मुलीला तर पुनःपुन्हा उभे करून बापाचे नाव वदवून घेत. त्या मुलीच्या जिवावर काय बेतले असेल ते सांगावयास नको. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात ज्या मुलाच्या बापाचा रकाना रिकामा, त्याच्या बापाचे नाव दोनशे वर्षांनंतर या इतिवृत्तात मिळते. एकीची मानहानी दुसऱ्याचा पुरावा होते. या कागदांचा उपयोग करताना एवढे तरी ध्यानात असावे असे मला वाटते.

आता आयर्लंड.

आयर्लंडचे सरकारी दप्तर डब्लिनमध्ये ‘फोर कोर्ट्‌स’ या न्यायालयांच्या आवारात होते. त्यात सातशे वर्षांचे कागद होते. १९२२ साली तेथे यादवी युद्ध पेटले. तहाविरुद्ध असलेल्या सैनिकांनी ही इमारत ताब्यात घेतली होती. २८ जूनला सरकारी सैन्याने तोफा डागल्या आणि ३० जूनला मोठा स्फोट होऊन दप्तरखाना जळाला. जळके कागद शहरभर उडाले. हर्बर्ट वुड या दप्तराधिकाऱ्याने तीनच वर्षे आधी, १९१९ साली, दप्तरात काय काय आहे याचे मार्गदर्शक पुस्तक छापले होते. ते पुस्तक आता काय काय गेले याची यादी म्हणून वापरले जाते.

१८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चारही शिरगणत्यांचे कागद, थोडे तुकडे वगळता, या आगीत गेले. मग पुढच्या चार? त्या आगीत गेल्या नाहीत. १८६१ व १८७१ चे कागद सरकारने आकडे काढून झाल्यावर स्वतःच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात रद्दी म्हणून लगद्यात गेले. लोक सगळा दोष आगीला देतात. माझ्या मते अर्धा दोष कारकुनी व्यवस्थेचा आहे. जन्ममृत्यूची सर्वांसाठी सरकारी नोंद येथे १८६४ पासूनची आहे (कॅथलिकेतर विवाहांची तेवढी १८४५ पासून), आणि ती या आगीतून वाचली, कारण ती दुसरीकडे होती.

चर्चच्या रजिस्टरांचे जे झाले ते फार विचार करण्यासारखे आहे. राज्यकर्त्यांचे अधिकृत चर्च प्रॉटेस्टंट होते. १८७० नंतरच्या कायद्यांनी त्या चर्चची जुनी रजिस्टरे सरकारी कागद ठरली आणि सुरक्षिततेसाठी डब्लिनला मागविण्यात आली. ज्या गावांनी ‘आमच्याकडे सुरक्षित जागा आहे’ असे दाखवून ती ठेवून घेतली त्यांची वाचली, ज्यांनी पाठविली त्यांची जळाली. बहुसंख्य गरीब लोक मात्र कॅथलिक होते. त्यांच्या धर्माला पूर्वी कायद्याने जाचले होते, त्यांच्या रजिस्टरांना सरकारने किंमत दिली नाही, ती गावच्या पाद्र्याच्या घरी पडून राहिली, आणि म्हणूनच उरली. पुष्कळ पश्चिमेकडच्या गावी ती एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात आणि ओल लागलेली आहेत हे खरे. पण आहेत. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या फिल्म घेतल्या आणि २०१५ पासून त्या कोणालाही फुकट पाहता येतात.

जळालेल्या शिरगणतीचा एक भाग आणखी एका वाटेने परत आला. १९०८ साली ब्रिटिश पार्लमेंटने वृद्धांसाठी पेन्शनचा कायदा केला. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब माणसाला आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत रक्कम मिळू लागली. पण सत्तर वर्षे झाली हे सिद्ध कसे करावयाचे? जन्मनोंद १८६४ पासूनची. सत्तरीचा माणूस जन्मलेला १८३९ च्या आत. तेव्हा म्हातारी माणसे अर्ज करीत की १८४१ किंवा १८५१ च्या शिरगणतीत आमचे नाव पाहा. अर्जात आईबापांची नावे, आईचे माहेरचे नाव आणि लहानपणी राहत होतो ती वाडी लिहावी लागे. कारकून दप्तर काढून पाही आणि नाव मिळाल्यास त्या घरातील माणसे व त्यांची वये अर्जावर उतरवी. न मिळाल्यास तसे लिही. पुढे मूळ शिरगणती जळाली, पण हे अर्ज राहिले. दुष्काळापूर्वीचे एखादे घर, आईबाप, भावंडे, सगळी एका ठिकाणी, आज या अर्जांत भेटतात. सर विल्यम बेथम याने मालमत्ताधारकांच्या मृत्युपत्रांतून वंशविषयक टिपणे काढून ठेवली होती, त्यामुळे ती मृत्युपत्रे जळूनही त्यांचा सारांश उरला. गरिबांसाठी तसे काम कोणी केले नव्हते. ते पाच शिलिंगांसाठी केलेल्या अर्जांनी झाले.

ज्यांचे नाव शिरगणतीतही मिळेना त्यांना दुसरी एक खूण विचारीत. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडात भयंकर वादळ झाले होते. त्याला ‘मोठा वारा’ म्हणतात. ती रात्र आठवते असे जो सांगे त्याची सत्तरी मान्य होई. साहजिकच पुष्कळांना ती आठवू लागली! १९०१ आणि १९११ या दोन शिरगणत्यांचे कागद पूर्ण उरले आहेत. ते शेजारी ठेवून पाहिले तर दहा वर्षांत पंधरा-पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसे दिसतात. मधे पेन्शनचा कायदा झाला होता.

या माणसांना लबाड म्हणणे मला जमत नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे, आणि त्यांच्या वर्गातील निम्म्या मुलांची तीच आहे, कारण ती गुरुजींनी घातली. आजीला आपले वय माहीत नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते आणि खडी फोडायला जात होते,’ एवढे ती सांगते. तिचे नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा लिहिले गेले असेल तर ते त्या कामाच्या हजेरीपटावर, अंगठ्यासमोर, असे मला वाटते. आयर्लंडातील ‘मोठा वारा’ मला समजला तो तिच्यामुळे.

जमिनीच्या कागदांविषयी थोडक्यात सांगते. रिचर्ड ग्रिफिथ याने १८४७ ते १८६४ या काळात करआकारणीसाठी साऱ्या आयर्लंडची पाहणी करविली. त्यात प्रत्येक घरजमिनीचा कसणारा कोण व मालक कोण हे आहे. शिरगणती नसल्यामुळे दुष्काळानंतरच्या कुटुंबप्रमुखांची यादी म्हणून तीच वापरतात. अडचण अशी की आयर्लंडात साठ हजारांवर वाड्या आहेत आणि परदेशी गेलेल्याच्या कागदावर बहुधा नुसते ‘आयर्लंड’ एवढेच असते. वाडीचे नाव कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते अनेकदा दफनभूमीतील दगडावर किंवा बोटीत सोबत आलेल्या शेजाऱ्याच्या कागदावर मिळते.

आणि नावे. ‘मॅक’ म्हणजे मुलगा, ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. इंग्रजी अमलात हे उपसर्ग पुष्कळांनी गाळले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषाभिमान जागा झाल्यावर पुन्हा लावले. म्हणून आजोबा सुलिव्हन आणि नातू ओ’सुलिव्हन. मॅक गव्हन या आयरिश नावात लोहार हा अर्थ आहे म्हणून कोठे कारकुनांनी त्याचे सरळ ‘स्मिथ’ करून टाकले. मघाशी मी म्हटले ते हेच. डफने नाव स्वतः घेतले, यांचे लिहिणाऱ्याने बदलले.

१९११ च्या आयरिश शिरगणतीत विवाहित स्त्रियांसाठी तीन प्रश्न होते. लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जिवंत जन्मली आणि त्यांतील आज किती हयात आहेत. शेजारच्या रकान्यात वाचता-लिहिता येते की नाही. ‘जन्मली दहा, हयात सहा, वाचता येत नाही’ अशा नोंदी असलेली पाने कितीतरी असतील. मेलेल्या मुलांची नावे कोठे नसतात, पण त्यांची जन्मनोंद बहुधा असते. १८६४ नंतरची असल्यास ती शोधता येते. चांगले शोधक ती शोधून काढतात आणि वंशवृक्षात त्यांचीही जागा ठेवतात.

शेवटी आपल्या भागाशी असलेला संबंध. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश व स्कॉटिश शिपायांचा भरणा मोठा होता. १८१८ नंतर पुणे आणि खडकीच्या छावण्यांतूनही ते राहिले. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नकला लंडनला पाठविण्याची पद्धत होती. १७०९ पासूनच्या या नकला आज तेथील ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. आयर्लंडात ज्याच्या गावचे रजिस्टर जळाले त्याचे नाव, वय आणि पलटण इकडच्या दफनाच्या ओळीत सापडू शकते, आणि कंपनीच्या लष्करी कागदांत भरतीच्या वेळचा धंदा व मूळ मुलूखही. बायकांचा शोध येथे अधिक कठीण जातो. शिपाई मेल्यावर पलटणीत त्याच्या विधवेला फार दिवस आधार नसे, त्यामुळे ती थोड्याच महिन्यांत त्याच छावणीत दुसऱ्या शिपायाशी लग्न करी आणि तिचे आडनाव बदले. विवाहाच्या नकलेत नावापुढे ‘विधवा’ असे दिसले, तर शोधणाऱ्याने त्याच वर्षाची आणि आदल्या वर्षाची दफनाची पाने उलटावीत. पहिला नवरा बहुधा तेथे असतो.